ओढ कमी झाली की दोष मोटरचाच का?

हॉटेले, चित्रपटगृहे आणि मोठी कार्यालये येथे जमिनीला चिकटवलेले गालिचे उचलून धुता येत नाहीत. म्हणून ते जागच्या जागी धुण्यासाठी ‘एक्स्ट्रॅक्टर’ हे यंत्र वापरतात. त्यातील पंप साबणाचे पाणी गालिच्यात फवारतो आणि व्हॅक्यूम मोटर ते मळासकट ओढून टाकीत आणते. 1901 मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ शोषणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा इंजिनावर चालणारे ते अवजड यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे. आता ते काम एका हाताने उचलता येईल एवढी मोटर करते.

ही बहुधा ‘युनिव्हर्सल’ प्रकारची मोटर असते. तिच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, कार्बन ब्रश वीज पोहोचवतात. हे ब्रश ज्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर घासतात त्याला कम्युटेटर म्हणतात. ओल्या कामासाठी ‘बायपास’ रचना आवश्यक ठरते, कारण तीत शोषलेली दमट हवा आणि मोटर थंड करणारी हवा यांचे मार्ग वेगळे असतात.

ओढ कमी झाली की कारागीर मोटर बदलायला निघतो. परंतु दोष पुष्कळदा हवेच्या मार्गात असतो आणि तो आवाजावरून ओळखता येतो. नळी तुंबली किंवा टाकी भरून आतील फ्लोटने तोंड बंद केले, तर हवा वाहत नसल्याने मोटरवरचा भार कमी होतो, तिचा वेग वाढतो आणि सूर चढतो. उलट सूर नेहमीचा असून गालिच्यावर ओढ नसेल, तर झाकणाचे गॅस्केट, चिरलेली नळी किंवा सैल जोड येथून हवा आत येत असण्याचा संभव अधिक असतो. टाकीवरच्या नळीच्या तोंडावर तळहात ठेवल्यावर ओढ भरपूर लागली, तर टाकी आणि मोटर दोषमुक्त ठरतात व शोध पुढच्या नळीत आणि हातातील वाँडमध्ये करावा लागतो.

मोटर सुरूच होत नसेल, तर प्लग काढून वायर, स्विच, ब्रश आणि शेवटी वाइंडिंग या क्रमाने मल्टिमीटरने तपासणी करावी. झिजलेले ब्रश वेळीच बदलले तर मोटर वाचते. मात्र कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे कडे दिसू लागले, तर पट्ट्या किंवा आर्मेचर बिघडल्याची शंका घ्यावी. घरघर किंवा कर्कश आवाज सहसा बेअरिंगचा असतो आणि त्यामागे वारंवार आत गेलेले पाणी असू शकते.

हे पाणी बहुधा फेसाच्या रूपाने जाते, कारण हलका फेस फ्लोटला पुरेसा उचलत नाही. म्हणून टाकीत फेसनाशक घालणे, फ्लोटची जाळी धुणे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून मोटर काही मिनिटे कोरडी चालवणे, ही नित्याची शिस्त पाळावी. हवेचा मार्ग तपासल्याशिवाय मोटर उघडू नये, कारण तुंबलेल्या नळीवर नवी मोटर हा उपाय नव्हे.