मुठेल

फळांच्या बियांतून कामाची द्रव्यं कशी काढतात, यावर लेख हवा होता. प्रयोगशाळा गाठण्याआधी मी वर्सोव्याला, यारी रोडवरच्या मामीकडे गेलो. ती मालवणची. भेगाळलेल्या टाचांवर ती अजून कोकमाचं तेल, म्हणजे मुठेलच लावते.

गॅसवर पातेलं होतं. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सुक्या बिया टरफलं काढून, कुटून, पाण्यात उकळायला टाकलेल्या. तळाशी तपकिरी चोथा, वर पिवळट थेंब एकमेकांना जाऊन मिळत होते. "आता ढवळू नको हां," मामी म्हणाली. रात्रभर निवलं. सकाळी वर आलेला पांढरट थर तिने काढला, वितळवून गाळला आणि मुठीत आवळून लांबट गोळा वळला. बीच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा स्निग्धांश असतो. या पद्धतीत त्यातला बराचसा चोथ्यातच अडकतो.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या गिरीश विधाते आणि रेखा सिंघल यांनी २०१३मध्ये याच बियांवर वेगळी पद्धत मांडली. कुटलेल्या बियांच्या लगद्यात अमोनियम सल्फेट आणि ब्युटेनॉल घालायचं. मिश्रणाचे तीन थर होतात: खाली क्षारांचं पाणी, मध्ये प्रथिनांची सायीसारखी चकती, वर ब्युटेनॉलमध्ये विरघळलेला स्निग्धांश. ब्युटेनॉल उडवून लावलं की तो हाती येतो. दोन तासांत सुमारे ९५ टक्के! मामीच्या पातेल्यात रात्रभर चालतं ते हेच वेगळं होणं, म्हणून मला ही पद्धत फार आवडली.

हे तेल साधारण ४० अंशांना वितळतं, कोको बटर त्याच्या आधीच. त्यामुळे ते मिसळलेलं चॉकलेट उन्हाळ्यात तग धरतं. युरोपीय संघाने २०००च्या नियमात चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पती तेलांत कोकमालाही जागा दिली.

पण काळजी बियांचीच वाटते. रतांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि उशिराचं फळ नेमकं मिरगाच्या पावसात सापडतं. साल आमसुलांसाठी उन्हात जाते, तिला भाव आहे. बिया कोपऱ्यात पडून राहतात. ओल राहिली की बुरशी धरते, स्निग्धांश फुटून आम्लं सुटतात, तेल खवट होतं. मग ते शुद्ध करायला अल्कली घालावी लागते आणि आम्लांबरोबर चांगलं तेलही थोडं साबण होऊन जातं. तीन थरांच्या त्या देखण्या पद्धतीलाही सुकी, सोललेली बी आधी लागतेच. ती सुकवणार कोण, टरफलं काढणार कोण, आणि किती मजुरीवर? गावाकडे हे काम बायका हातानेच करतात.

निघताना मामी गावाहून आलेली दुसरी पिशवी निवडत बसली होती. काळ्या डागांच्या बियांचा ढीग चांगल्या बियांपेक्षा मोठा झाला होता.