साप दूध पीत नाही, मग खातो काय?

श्रावणात नागपंचमी आली की नगर जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर वारुळापाशी दुधाची वाटी ठेवली जाते. धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून ही पूजा गेली. पण साप दूध पितो, हा समज मात्र पुष्कळांच्या मनातून अजून गेलेला नाही. त्यात आता नवे वेड आले आहे. मोबाईलवर पाहून आपली तरुण मुले शेतात निघालेला साप बरणीत भरून घरी आणतात आणि मग विचारतात, ‘याला खायला काय घालायचे?’ म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

आधी दुधाचे पाहू. साप हा मांसाहारी प्राणी. चोखून पिण्यासारखे ओठ त्याला नाहीत, दातही आत वळलेले. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट म्हणूनच खोटी. मग गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध कसा प्यायचा? त्याला कित्येक दिवस उपाशी-तहानेला ठेवलेले असे. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते पितो. ते दूध त्याला पचत नाही आणि फुप्फुसात शिरले तर तो मरतो. अर्थात गारुड्याला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये. तोही पोटासाठी दारोदार फिरणारा भटका माणूस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या टोपलीवर बंदी आली, पण त्याच्या हाताला दुसरे काम कोणी दिले?

साप खरोखर खातो ते उंदीर, बेडूक, सरडे, पाखरे. भक्ष्य तो अख्खे गिळतो आणि एकदा पोट भरले की कित्येक दिवस काही खात नाही. धामण तर बिनविषारी. शेतातले उंदीर फस्त करून ती शेतकऱ्याचे धान्यच राखते. राहुरी-श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात साप दिसतात, कारण तिथे उंदीर आहेत.

शहरात काही हौशी लोक परदेशी अजगर पाळतात. त्याला जिवंत उंदीर द्यावा की मारून गोठवलेला, असा वाद त्यांच्यात चालतो. जाणकार गोठवलेलाच बरा म्हणतात. कोंडलेला जिवंत उंदीर जिवाच्या भीतीने उलट सापालाच चावतो, त्या जखमा चिघळतात. उंदराचेही हाल होतात. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने द्यावा लागतो. गल्लीत पकडलेला उंदीर तर विषाची गोळी खाल्लेलाही असू शकतो. असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. आपल्या रानातला नाग, धामण किंवा अजगर घरात ठेवणे मात्र गुन्हाच आहे, मग त्याला कितीही चांगले खाऊ घाला. पोराच्या हौसेपायी कोर्टकचेरी मागे लागली तर मजुरी बुडते ती आई-बापाची.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्यापुढे पहिले शील आहेच. साप रानात उंदीर धरतो ती त्याची भूक, तिला दोष नाही. पण आपल्या करमणुकीसाठी साप कोंडायचा आणि त्याच्यासाठी दर काही दिवसांनी एक जीव मारायचा, ही भूक कोणाची? अंगुत्तर निकायात अहिराज सुत्त आहे. एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा तथागतांनी सापांच्या चार कुळांविषयी मैत्रीभावना करण्यास सांगितले. सापाची पूजा करा म्हटले नाही, त्याला ठेचा म्हणूनही सांगितले नाही. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात ज्या नागांचा इतिहास सांगितला, ती माणसे होती, बुद्धधम्म पसरवणारी. त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी वारुळापुढे हात जोडू नयेत आणि टोपलीही बाळगू नये.

मैत्री म्हणजे भोळेपणा नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात. त्यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. तेव्हा साप निघाला तर लांब उभे राहून सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. चावलाच तर मांत्रिकाकडे जाऊ नये, जखम कापू नये, आवळून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. लस तिथेच मिळते.

आणि एक गोष्ट माय-भगिनींसाठी. आपण सापाला खाऊ घालत नाही असे वाटते, पण उघडी धान्याची पोती, चुलीमागचे खरकटे आणि दाराशी रचलेला सरपणाचा ढीग उंदराला पोसतात. उंदरामागून साप येतो. डब्याला झाकण लावा, भिंतीतली बिळे बुजवा, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. मग सापाला त्याचे पोट रानातच भरू द्या.