कुंडीतलं पाणी तळाशी का अडतं?

गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा आणि खापऱ्यांचा चांगला तीन इंचांचा थर दिला. भोकं मोकळी आहेत. पाणी घातलं की खालून गळतंही. तरी पावसाळ्यात रोपांनी माना टाकल्या. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून कुजलेली. निचऱ्याची एवढी काळजी घेऊनही असं का व्हावं?’

हा प्रश्न मला फार आवडला. कुंडीत खापऱ्या घालायची पद्धत आजीपासून नर्सरीवाल्यापर्यंत सगळे सांगतात, आणि ती वरवर पटतेही. मोठ्या खड्यांमधून पाणी झरझर वाहतं, म्हणजे त्यांच्यामुळे निचरा सुधारणारच, असं कुणालाही वाटेल. पण कुंडीतलं पाणी असं वागत नाही. ते कसं वागतं हे पाहायला भांडी घासायचा एक नवा, चौकोनी स्पंज पुरेसा आहे.

स्पंज पाण्यात पूर्ण बुडवून बाहेर काढा आणि न पिळता आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. ते थांबल्यावर स्पंज आखूड कडेवर उभा धरा, म्हणजे त्याची उंची सगळ्यात जास्त होईल. आणखी पाणी येईल. स्पंज तोच, छिद्रं तीच, बदलली ती फक्त उंची. पसरट कुंडी म्हणजे आडवा स्पंज आणि खोल कुंडी म्हणजे उभा स्पंज, इतकं लक्षात घेतलं तर कुंडीतल्या बागेचं निम्मं शास्त्र हाती आलं.

यामागचं कारण केशाकर्षण. एक मिलीमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी आपोआप सुमारे तीन सेंटिमीटर चढतं आणि नळीचा व्यास दहावा हिस्सा केला तर दसपट, म्हणजे तीस सेंटिमीटर चढतं. इंग्लंडच्या जेम्स ज्युरिन यांनी 1718 मध्ये हा नियम मांडला. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. गुरुत्वाकर्षण पाणी खाली ओढतं, फटी ते धरून ठेवतात. कुंडीच्या वरच्या भागात गुरुत्वाकर्षण जिंकतं, पाणी उतरतं आणि रिकाम्या झालेल्या फटींत हवा शिरते. तळाशी मात्र फटींची सरशी होते. तिथे एक थर असा उरतो, की जो गळणं थांबल्यावरही चिंब राहतो. त्यातल्या फटींत हवेला जागाच नसते.

या चिंब थराची जाडी ठरते ती मातीच्या बारीक-जाडपणावर. कुंडी केवढी आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. एखाद्या मातीत हा थर तीन इंचांचा असेल, तर तो दोन फुटी ड्रममध्येही तीन इंचांचाच असतो आणि सहा इंची कुंडीतही तीन इंचांचाच. ड्रममधल्या झाडाला त्याची झळ लागत नाही. सहा इंची कुंडीत मात्र अर्धी माती कायम पाण्याने भरलेली राहते.

आता खापऱ्यांकडे येऊ. बारीक फटींतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही, कारण बारीक फटींनी त्याला जास्त घट्ट धरलेलं असतं. खापऱ्यांच्या वरची माती जवळजवळ तुडुंब होईपर्यंत पाणी तिथेच अडून राहतं आणि मग कुठे ठिबकायला लागतं. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही, तो फक्त वर सरकतो. खड्यांच्या आकारानुसार त्याची जाडी थोडी कमीअधिक होते, पण तो राहतोच. हिशेब करून पाहा. दहा इंच खोल कुंडी पूर्ण मातीने भरली आणि चिंब थर तीन इंचांचा धरला, तर मुळांना सात इंच हवेशीर माती मिळते. तळाशी तीन इंच खापऱ्या घातल्या की माती उरली सात इंच. त्यातले तीन चिंब, हवेशीर फक्त चार. वाचकाच्या टोमॅटोला जागा कमी पडली ती इथे.

ज्यांना पाणी अडवायचं असतं ते हाच गुण मुद्दाम वापरतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 मध्ये हिरवळी कशा बांधाव्यात याची पद्धत ठरवून दिली. तीत वाळूच्या मिश्रणाचा सुमारे फूटभर थर आणि त्याखाली खडीचा थर असतो. वाळूत पाणी टिकत नाही म्हणून खाली खडी घालायची, म्हणजे गवताच्या मुळांशी ओल थांबते आणि त्यापेक्षा जास्त झालेलं पाणी मात्र वाहून जातं. कोरड्या हवेच्या प्रदेशात कचऱ्याच्या भरावावर बारीक मातीचं आवरण घालून त्याखाली जाड खडी पसरतात. तीही याचसाठी, की पावसाचं पाणी वरच्या मातीतच अडावं आणि कचऱ्यापर्यंत पोहोचू नये.

हे सगळं ज्यांनी पहिल्यांदा नीट समजावून दिलं, त्या एडगर बकिंगहॅम यांचं नाव आपल्या बागकामाच्या पुस्तकांत मला कधी भेटलं नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतात ते 1914 च्या त्यांच्या ‘पाय प्रमेया’मुळे. पण त्याआधी, 1902 ते 1906 या काळात, हा माणूस अमेरिकेच्या शेती खात्यातल्या मृदा विभागात होता. त्यांचं शिक्षण भौतिकशास्त्राचं. लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे डॉक्टरेट केलेली, उष्मागतिकीवर पुस्तक लिहिलेलं. शेतीशी संबंध नसलेला माणूस मातीकडे वळला, आणि मातीचं भाग्य उजळलं असंच म्हणावं लागेल.

त्यांनी पहिला प्रश्न घेतला हवेचा. मातीत ऑक्सिजन शिरतो कसा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो कसा? वाऱ्याने, हवेच्या दाबातल्या चढउतारांनी, की दुसऱ्या कशाने? ही वायूंची देवघेव मुख्यतः विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने होते, असं त्यांनी 1904 च्या पत्रिकेत दाखवलं. मग ते पाण्याकडे वळले. वेगवेगळ्या मातींचे सुमारे चार फुटी उभे स्तंभ तयार केले, त्यांची खालची टोकं पाण्यात ठेवली आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. पाण्याची हालचाल थांबल्यावर प्रत्येक उंचीवर किती ओल आहे हे मोजलं. तळाशी जवळजवळ चिंब, वर जावं तसं कोरडं. वाळूत ओल झपाट्याने कमी होणारी, चिकण मातीत ती बरीच वरपर्यंत टिकणारी. आपल्या कुंडीचा उभा छेद घेतला तर हेच चित्र दिसेल.

1907 साली प्रसिद्ध झालेल्या पत्रिकेत त्यांनी यातून जो विचार काढला तो मला थक्क करतो. पाणी ओल्या जागेकडून कोरड्या जागेकडे जातं, असं आपण सहज म्हणून जातो. बकिंगहॅम यांनी सांगितलं, की ओल किती आहे यावर पाण्याचा प्रवास ठरत नाही. माती त्या पाण्याला किती जोराने धरून बसली आहे यावर ठरतो. या पकडीला त्यांनी केशिक विभव म्हटलं आणि उष्णता व वीज जशा वाहतात त्याच धर्तीवर पाण्याच्या प्रवाहाचं गणित मांडलं. म्हणूनच चिंब मातीशेजारी कोरड्या खापऱ्या असूनही पाणी तिकडे जात नाही. पत्रिका छापून येण्याआधीच ते अमेरिकेच्या मानक संस्थेत नोकरीला गेले होते. मातीवर त्यांनी पुन्हा काम केलं नाही. 1931 मध्ये लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी तो धागा पुढे नेला आणि आज जगभर जे समीकरण वापरतात त्याला रिचर्ड्स यांचं नाव मिळालं. हवा आणि पाणी हे कुंडीतले दोन्ही प्रश्न एकाच माणसाने चारेक वर्षांत उलगडले. बागकाम शिकवणाऱ्यांनी त्यांची ओळख करून द्यायलाच हवी.

हवेला एवढं महत्त्व का, हेही पाहू. मुळं श्वास घेतात. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. चिंब मातीतला ऑक्सिजन संपला की नवा येईपर्यंत मुळं गुदमरतात, पाणी ओढणं थांबवतात आणि पिथियमसारख्या कुजवणाऱ्या जिवांना मोकळं रान मिळतं. पाण्यात पाय असूनही झाड कोमेजतं. आपण पानं सुकलेली बघून आणखी तांब्याभर पाणी घालतो, आणि रोप जातं.

मग शेतात काय वेगळं असतं? शेतात खाली फूट-दोन फूटच नव्हे, कित्येक फूट सलग माती असते. ती पाण्याला खाली ओढत राहते. जमिनीवर केलेला गादीवाफा म्हणूनच इतका चांगला: त्याची माती खालच्या जमिनीला जोडलेली असते आणि मुळांचा भाग उंचावर हवेशीर राहतो. मात्र गादीवाफ्याच्या तळाशी प्लास्टिक अंथरलं, किंवा तोच वाफा गच्चीवर विटा रचून केला, की तो वाफा राहत नाही. ती एक रुंद, उथळ कुंडी होते आणि तिला कुंडीचेच नियम लागू होतात. शेतातली उत्तम काळी माती कुंडीत का फसते, याचंही उत्तर यात आहे. तिच्या फटी अतिसूक्ष्म, म्हणून चिंब थर जाड. शिवाय वाळली की ती आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. वर कोरडं, खाली चिखल.

तेव्हा खापऱ्या काढून टाका. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा आणि ते भरड असू द्या: थोडी माती, भरपूर चाळलेलं कंपोस्ट, कोकोपीट किंवा भाताचं तूस. मेथी, कोथिंबीर, पालक सहा इंचांत येतात. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना फूटभर तरी खोली द्या. कुंडी पसरट घ्यायची की खोल असा प्रश्न पडला, तर खोल घ्या. पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवा म्हणजे भोकं बुजणार नाहीत. भोकातून एक सुती वात किंवा काथ्याची दोरी आत सरकवून खाली लोंबती सोडली तर तीही साचलेलं पाणी ओढून काढते, कारण तिच्यामुळे पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते. एप्रिल-मेमध्ये मात्र तळाची ओल झाडाचा आधार असते. तेव्हा ही वात काढून ठेवावी.

कंपोस्टचा विषय निघाला की ‘इंदूर पद्धत’ आणि सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव येतंच. 1931 च्या त्यांच्या मूळ पुस्तकावर मात्र दोन नावं आहेत. दुसरं आहे यशवंत वाड यांचं, इंदूरच्या संस्थेत कृषी रसायनाचं काम पाहणाऱ्या शास्त्रज्ञाचं. ढीग किती दिवसांनी उलटायचा, किती ओल ठेवायची, शेण आणि पालापाचोळा किती, हे सगळं त्या पुस्तकात रसायनाच्या आधारे मांडलं आहे. सेंद्रिय शेतीच्या भाषणांत हॉवर्ड यांचं नाव घेताना वाड यांचंही घेतलं जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कुंडीपुरती एक सूचना: कंपोस्ट कुजतच राहतं, मिश्रण खाली बसतं, फटी मिटतात. म्हणून दर हंगामाला कुंडी मोकळी करून नवीन भर घालावी.

खोलीचा एवढा आग्रह धरल्यावर वजनाचं सांगायलाच हवं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण 1.7 टन भरतं. म्हणजे फूटभर खोल वाफा दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो. भारतीय मानक आयएस 875 नुसार ज्या सपाट गच्चीवर माणसं जाऊ शकतात तिच्यासाठी वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम 150 किलो. कोकोपीट-कंपोस्टचं मिश्रण मातीपेक्षा बरंच हलकं असतं, तरी पाणी प्यायल्यावर तेही जड होतं. सुट्या खोल कुंड्या तुळयांच्या आणि कडेच्या भिंतींच्या रेषेवर ठेवा. गच्चीभर वाफे बांधायचे असतील, तर पहिली वीट ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून स्लॅब दाखवा आणि भाराचा आकडा त्याच्याकडून लेखी घ्या.