दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी दसऱ्याला नवी पेट्रोल गाडी घेतली. हार घातला, नारळ फोडला, शिक्षकखोलीत पेढे वाटले. नवव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, तर इंजिन फिरण्याऐवजी नुसते ‘टक्‌ टक्‌’. शेजारी म्हणाले, “दिवे लागताहेत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे. स्टार्टर बिघडला असणार.” कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, “बॅटरी मेली. नवीन टाका.” सरांनी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणून लावला. आकडा आला १२.० व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते आहे, मग बिघडले काय?

टॉर्चचे सेल आणि भिंतीवरचे घड्याळ

याचे उत्तर आपल्या घरातच आहे. टॉर्चचा दिवा मिणमिणू लागला की आपण सेल काढतो, पण फेकून देत नाही. घड्याळात टाकतो. तिथे ते आणखी कित्येक महिने चालतात. टॉर्चच्या छोट्या बल्बला सुमारे ०.३ अँपिअर विद्युतधारा लागते, तर घड्याळाला एक मिलिअँपिअरही लागत नाही. थोडी धारा द्यायला थकलेला सेल समर्थ असतो, जास्त मागितली की तो बसतो.

हे वर्गात करून दाखवा. एका जुन्या सेलचे व्होल्टेज आधी नुसते मोजा, मग बल्ब जोडून मोजा. दुसरा आकडा बराच खाली येईल. नव्या सेलवर तोच प्रयोग केल्यास फरक किरकोळ दिसेल. हा फरक सेलच्या अंतर्गत रोधामुळे पडतो. रोध r आणि धारा I असेल, तर I × r एवढे व्होल्ट सेलच्या आतच खर्च होतात. धाराच नसेल तर हा खर्च शून्य, म्हणून रिकामा मीटर आपल्याला फसवतो.

आता गाडीचे गणित

सोयीसाठी ठोकळ आकडे घेऊ. दोन हेडलाइट मिळून १० अँपिअर धारा घेतात. स्टार्टर मोटर फिरू लागण्याच्या क्षणी ०.०७ ओहम रोधासारखी वागते असे धरू. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची असते, तिचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरू. उतरलेल्या बॅटरीसाठी १२.० व्होल्ट आणि ०.०५ ओहम धरू.

उतरलेल्या बॅटरीवर दिवे लावले तर आत १० × ०.०५ म्हणजे फक्त अर्धा व्होल्ट खर्च होतो. दिव्यांना ११.५ व्होल्ट मिळतात आणि ते छान लागतात. स्टार्टर मात्र भरलेल्या बॅटरीकडून सुमारे १५७ अँपिअर धारा घेतो आणि त्याला ११ व्होल्ट मिळतात. उतरलेल्या बॅटरीकडून त्याला १०० अँपिअर आणि जेमतेम ७ व्होल्ट मिळतात. शक्ती काढली तर १७०० वॅटच्या जागी ७०० वॅट! एवढ्यात इंजिन हलत नाही. दिवे लागणे हा बॅटरी ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

बॅटरीच्या आत

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. आजही तत्त्व तेच आहे. सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा असतो. एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. लेड सल्फेट विजेचे वाईट वाहक आहे, म्हणून अंतर्गत रोध वाढतो. वेळेवर चार्ज केले तर सल्फेट परत विरघळते. पण बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याचे मोठे, कडक स्फटिक बनतात आणि ते सहजी विरघळत नाहीत. मग ती खरोखर मरते. म्हणून उतरलेली बॅटरी ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणून सोडू नये.

नव्या गाडीची वीज गेली कुठे?

इंजिन सुरू करण्यात फार वीज जाते असा समज आहे. हिशेब पाहा. १५० अँपिअर, ३ सेकंद, म्हणजे फक्त ०.१२५ अँपिअर-तास. उलट गाडी गप्प उभी असतानाही घड्याळ, चोरघंटा, रिमोटची वाट पाहणारे कुलूप मिळून समजा ५० मिलिअँपिअर घेतात. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले! ३५ अँपिअर-तासाची बॅटरी महिन्याभरात रिकामी. कारखान्यातून निघालेली गाडी आवारात, मग दुकानात उभी राहते. अधूनमधून मिनिटभर सुरू करून नुसती जागा बदलते. सरांनी बॅटरीवरचा शिक्का वाचला, तेव्हा ती सात महिन्यांपूर्वीची निघाली. गाडी नवी होती, बॅटरी नव्हती.

मग करायचे काय?

दुसऱ्या १२ व्होल्टच्या गाडीची मदत घेता येते. दोन्ही इंजिने बंद ठेवून लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडू शकते आणि बॅटरीतून स्फोटक हायड्रोजन बाहेर पडत असू शकतो, म्हणून हा क्रम. धन-ऋणाची अदलाबदल कदापि होऊ देऊ नये. गाडीसोबतची पुस्तिका आधी वाचावी. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल, तर या फंदात पडूच नये.

सरांनी गाडी अशी सुरू केली, मात्र थोड्याशा फेरीने बॅटरी भरत नाही हे ओळखून रात्रभर चार्जर लावला. चार्जर काढून काही तास विसावा दिल्यावर व्होल्टेज १२.६ आले. खरी परीक्षा पुढे होती. मल्टिमीटर लावून ठेवला आणि किल्ली फिरवली. इंजिन फिरताना आकडा १०.४ पर्यंतच उतरला. बॅटरी शाबूत होती. हाच आकडा ९ च्या खाली गेला असता, तर हमीच्या कागदासह बॅटरी बदलून मागणे योग्य ठरले असते. नव्या बॅटरीचे पैसे वाचले आणि अकरावीच्या वर्गाला एक खरेखुरे उदाहरण मिळाले.

जाता जाता विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्या: साध्या गिअरची गाडी धक्का मारून सुरू होते, तेव्हा बॅटरीचे कोणते काम वाचते? आणि बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर धक्क्याचाही उपयोग का होत नाही?