अनुभवी ग्राहक आणि ऑनलाईन दुकानाची पृष्ठरचना : एक विवेचन

प्रस्तावना :
देवळी हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून भोवतालचा परिसर कपाशीचा आहे. अशा गावातील दुकानदार जुन्या गिऱ्हाइकापुढे सगळा माल मांडत बसत नाही. नेहमीची वस्तू काढून देतो, भाव सांगतो आणि नवे काही आले असल्यास तेवढेच दाखवितो. ऑनलाईन दुकानात हे काम पृष्ठाच्या रचनेला करावे लागते. अनुभवी ग्राहकाच्या दृष्टीने ही रचना कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुभवाचे स्वरूप :
जोसेफ अल्बा आणि वेस्ली हचिन्सन यांनी १९८७ मध्ये ग्राहकाचा वस्तूशी असलेला परिचय आणि त्याची तज्ज्ञता यांत भेद केला. अनेकदा खरेदी केल्याने परिचय वाढतो. योग्य निवड करण्याची क्षमता म्हणजे तज्ज्ञता. ऑनलाईन खरेदीत याला आणखी एक पदर आहे. माध्यमाचा अनुभव आणि मालाची पारख या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असतीलच असे नाही.

वर्ध्याच्या खादीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय स्थापन झालेल्या या परिसराला खादीची परंपरा आहे. खादीचा जाणकार सुताचा अंक, पन्हा, पोत आणि धुतल्यावर कापड किती आटेल हे विचारतो. पृष्ठावर केवळ आकर्षक छायाचित्र व सवलतीचा आकडा असेल, तर त्याची पारख निरुपयोगी ठरते. २०२१ मध्ये फ्लिपकार्ट व अ‍ॅमेझॉन यांनी मराठीचा पर्याय उपलब्ध केला. तथापि केवळ बटणांवरील शब्द मराठीत आल्याने ही उणीव भरून निघत नाही.

रचनेची तत्त्वे :
जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा सूत्रांपैकी एक सूत्र लवचीकता व कार्यक्षमतेचे आहे. सरावलेल्यांसाठी जवळच्या वाटा असाव्यात, परंतु त्यांमुळे नवख्यांची अडचण होऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यानुसार पुढील सोयी आवश्यक ठरतात :
१. मॉडेल क्रमांकाने किंवा नेमक्या नावाने शोध घेता यावा.
२. मालाच्या गुणधर्मांनुसार निवड करता यावी व मागील पानावर परतल्यावर ती निवड कायम राहावी.
३. दोन-तीन वस्तूंची तुलना एकाच तक्त्यात दिसावी.
४. पूर्वीची मागणी यादीतून पुन्हा नोंदविता यावी.
५. पिनकोड देताच पोहोच-खर्चासह एकूण किंमत कळावी.

सवय आणि संमती :
वेगाचा मोह मोठा असतो. एका क्लिकमध्ये खरेदी पूर्ण करण्याच्या पद्धतीचे पेटंट अ‍ॅमेझॉनला अमेरिकेत १९९९ मध्ये मिळाले होते. त्याची मुदत २०१७ मध्ये संपली. परंतु अनुभवी ग्राहकाचा वेग सवयीवर उभा असतो. तो प्रत्येक ओळ वाचत नाही; बटण कोठे आहे हे त्याच्या हाताला ठाऊक असते. म्हणूनच बटणांची अदलाबदल केल्यास किंवा टोपलीत न मागितलेली वस्तू टाकल्यास फसण्याचा धोका त्यालाही तितकाच असतो.

भारतातील ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे ग्राहकाची संमती नोंदविता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिशाभूल करणाऱ्या १३ रचना-प्रकारांना मनाई करण्यात आली. टोपलीत परस्पर वस्तू घालणे आणि शेवटच्या टप्प्यावर किंमत वाढविणे यांचा त्यांत समावेश आहे.

निष्कर्ष :
अनुभवी ग्राहकासाठी रचना करणे म्हणजे केवळ पायऱ्या कमी करणे नव्हे. मालाची पारख करता येईल अशी माहिती प्रथम द्यावी, जवळची वाट ग्राहकाने स्वतः निवडावी आणि पैसे देण्यापूर्वीची अंतिम तपासणी मात्र वगळू नये. गावातील दुकानदाराला जुन्या गिऱ्हाइकाची सवय माहीत असते. तिचा गैरफायदा तो घेत नाही, म्हणूनच ते गिऱ्हाईक जुने होते. वाणिज्य व संगणकशास्त्राच्या अध्यापनात पृष्ठरचनेचा विचार करताना वेगाबरोबर विश्वासाची ही कसोटीही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.