फटकारे सीमेवरचे

११ जानेवारी १८९३ च्या 'पक' या अमेरिकी साप्ताहिकात जोसेफ केपलरचं एक रंगीत व्यंगचित्र छापून आलं. बोचकं घेतलेला एक गरीब माणूस बोटीच्या फळीवरून धक्क्यावर उतरतो आहे. समोर उंची कपड्यांतले पाच धनिक हात उभारून त्याला मागे फिरायला सांगत आहेत. धनिकांच्या मागे पडलेल्या त्यांच्या सावल्या मात्र जाड्याभरड्या कपड्यांतल्या, गाठोडंवाल्या माणसांच्या आहेत. ते किंवा त्यांचे बापजादे कधीकाळी ज्या अवस्थेत त्याच धक्क्यावर उतरले होते, ती अवस्था केपलरने सावल्यांत दाखवली. तो स्वतः व्हिएन्नाहून आलेला होता.

पण स्थलांतरिताच्या हाती कुंचला आला म्हणून तो दुसऱ्या स्थलांतरिताची कड घेईलच असं नाही. टॉमस नास्ट जर्मनीत जन्मला, लहानपणी न्यूयॉर्कला आला आणि अमेरिकी राजकीय व्यंगचित्रकलेचा जनक म्हणून नावाजला गेला. आयरिश माणूस मात्र तो माकडतोंड्या काढायचा. १८७१ मध्ये 'हार्पर्स वीकली'त आलेल्या त्याच्या 'द अमेरिकन रिव्हर गँजेस' या चित्रात नदीतून मगरी काठावरच्या शाळकरी पोरांवर चाल करून येतात. नीट पाहिलं की कळतं, मगरींचे जबडे म्हणजे कॅथलिक बिशपांच्या टोप्या आहेत. चित्रात गंगा कुठून आली? हिंदू आया आपली तान्ही मुलं मगरींपुढे टाकतात, अशा मिशनऱ्यांच्या कहाण्या तेव्हा अमेरिकेत घरोघरी ठाऊक होत्या. कॅथलिक आयरिशांना झोडपायला आपली गंगा अशी कामी आली.

विसाव्या शतकात हा साचा मेक्सिकन माणसाच्या वाट्याला आला. मोठ्या काठाची टोपी, झुपकेदार मिशा आणि निवडुंगाच्या आडोशाला डुलकी, एवढं काढलं की झाला मेक्सिकन! मेक्सिकन घरात वाढलेल्या गस अरिओलाची 'गॉर्डो' ही चित्रमालिका १९४१ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा नायकही आळशी आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा होता. अरिओलाने त्याला हळूहळू बदललं आणि १९८५ पर्यंत चाललेल्या या मालिकेतून मेक्सिकोचे सण, खाणं, लोककला अमेरिकी वाचकांपर्यंत नेल्या. जाहिरातवाले मात्र बदलले नव्हते. १९६७ मध्ये 'फ्रिटोज'ने चिप्स पळवणारा मेक्सिकन दरोडेखोर पडद्यावर आणला, आणि तो हटवायला मेक्सिकन-अमेरिकन संघटनांना काही वर्षं झगडावं लागलं.

उलटा जाब विचारला तो योलांदा लोपेझ या चित्रकर्तीने. १९७८ च्या तिच्या पोस्टरमध्ये एक ॲझटेक योद्धा सरकारी स्थलांतर योजनेचा कागद मुठीत चुरगाळून थेट पाहणाऱ्यावर बोट रोखतो आणि बेकायदा परका नेमका कोण, असं विचारतो.

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात वातावरण तापलं. कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा, तसंच, तातडीचे उपचार सोडले तर, बाकी आरोग्यसेवाही नाकारणारा 'प्रपोझिशन १८७' हा प्रस्ताव मतदारांपुढे होता. गव्हर्नर पीट विल्सन यांनी सीमेवरून धावत येणाऱ्या माणसांची चित्रफीत प्रचारात फिरवली. प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. पुढे न्यायालयाने तो अडवला, ती गोष्ट वेगळी.

मेक्सिकन आईबापांचा, सॅन डिएगोत जन्मलेला लालो अल्काराझ तेव्हा 'एलए वीकली'त व्यंगचित्रं काढत होता. मित्र एस्तेबान झुल याच्यासोबत त्याने विल्सन यांना पाठिंबा देणारी हिस्पॅनिकांची एक खोटीच संघटना उभी केली. तिच्या पुढाऱ्याचं नाव डॅनियल डी. पोर्तादो. नाव भरभर उच्चारलं की 'हद्दपार' या अर्थाचा स्पॅनिश शब्द ऐकू येतो. मेक्सिकनांनी आपण होऊन चंबूगबाळं आवरावं आणि निघून जावं, असा या महाशयांचा उपदेश. काहींना तो खराच वाटला!

विल्सन यांच्या प्रचाराला डिस्नेने देणगी दिली, म्हणून अल्काराझने मिकी माउसला सीमा पोलिसाचा गणवेश चढवला. हा 'मिग्रा माउस' ('मिग्रा' म्हणजे बोलीत स्थलांतर पोलीस) पुढे २००४ मधल्या त्याच्या संग्रहाच्या शीर्षकात आला. २००२ पासून त्याची 'ला कुकाराचा' ही मालिका देशभरच्या दैनिकांत जाऊ लागली. नायक झुरळ! स्थलांतरितांना किडेमकोडे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणतं?

२०१३ मध्ये डिस्नेने 'दिया दे लॉस मुएर्तोस' या मृतांच्या मेक्सिकन सणाच्या नावावर ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. अल्काराझने शहरावर चालून येणारा अक्राळविक्राळ हाडांचा मिकी काढला. ओरड एवढी झाली की डिस्नेने अर्ज मागे घेतला. त्याच सणावरच्या 'कोको' या २०१७ च्या चित्रपटासाठी पिक्सारने सल्लागार म्हणून बोलावलं, ते अल्काराझलाच.

सगळे लॅटिनो व्यंगचित्रकार एकाच सुरात बोलत नाहीत. मेक्सिकन वंशाचे वडील आणि जपानी आई यांचा मुलगा मायकेल रामिरेझ कट्टर उजवा. १९९४ आणि २००८ अशी दोनदा त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. जुना साचाही पुरता मोडलेला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार'च्या गॅरी वार्व्हेलने एका गोऱ्या कुटुंबाच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणावेळी खिडकीतून आत घुसणारं स्थलांतरित कुटुंब काढलं. वाचक खवळले. आधी चित्रातल्या माणसाची मिशी पुसली गेली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून चित्रच संकेतस्थळावरून उतरवण्यात आलं. मिशी काढल्याने चित्राचा अर्थ बदलेल असं कुणाला वाटलं असेल, तर ते त्याहून मोठं व्यंगचित्र.

मधल्या काळात व्यंगचित्राची हक्काची जागाच आक्रसत गेली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जुलै २०१९ पासून आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रं बंद केली. २०२१ मध्ये अल्काराझ पुलित्झरच्या अंतिम यादीत होता. त्या वर्षी या विभागात पारितोषिक कुणालाच दिलं गेलं नाही. २०२२ मध्ये त्याला व्यंगचित्रांसाठीचं हर्ब्लॉक पारितोषिक मिळालं.

पोर्तादोचा तो उपदेश मात्र विनोद म्हणून राहिला नाही. २०१२ मध्ये अध्यक्षपदाचे इच्छुक मिट रॉम्नी यांनी 'स्वतःहून हद्दपार होणं' हेच आपलं धोरण म्हणून जाहीर चर्चेत मांडलं. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने त्यासाठी मोबाइल ॲप आणलं, आणि मे महिन्यात, आपण होऊन देश सोडणाऱ्याला १,००० डॉलर देण्याची घोषणा केली.