यातीरचे वन: लावणे आणि सांभाळणे

(तू बिश्वातच्या मलिद्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मलिद्याचा प्रसाद आपण आताच ग्रहण केला. आपले पूर्वज याच दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या उरुसास जात असत. येथे इस्राएलमध्ये आपली मुले याच दिवशी रोपे लावतात. या दोन्ही रीती आपल्या घरांत सुखाने नांदत आहेत. म्हणून आज आपल्या नेगेवमधील यातीरच्या पाइनवनाविषयी बोलावे, असे मी योजिले.

त्याला एक निमित्तही घडले. माझी नात विद्यापीठात शिकते. गेल्या महिन्यात ती मला म्हणाली, “आजोबा, वाळवंटाच्या तोंडाशी पाइन लावणे चुकीचे होते, असे आमच्या वर्गात पुष्कळजण म्हणतात. मग पणजोबांनी लावलेली झाडेही चुकीचीच का?” माझ्या वडिलांनी दिमोनात आल्यावर काही महिने रोजंदारीवर यातीरच्या उतारांवर रोपे लावली होती. ते आज हयात नाहीत. त्यांच्या वतीने मला ताबडतोब उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम स्थळाविषयी. हेब्रोनच्या डोंगररांगा दक्षिणेकडे उतरत उतरत जेथे नेगेवला मिळतात, तेथे हे वन आहे. वर्षाकाठी तेथे सरासरी सुमारे २८० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही केवळ हिवाळ्यात. आपल्या अलिबागला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या भूमीची तहान कळेल. केरेन कायेमेतचे योसेफ वाइट्झ यांच्या पुढाकाराने १९६४ साली येथे लागवड सुरू झाली. आज सुमारे तीस हजार दुनाम क्षेत्रावर चाळीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली आहेत. माणसाने लावलेले देशातील सर्वांत मोठे वन ते हेच.

नाव मात्र नवे नाही. यातीर हे यहोशवाच्या ग्रंथात लेवींना दिलेल्या नगरांपैकी एक. त्याच ग्रंथात उल्लेखिलेल्या आनीम या गावाच्या जागी एका प्राचीन सिनेगॉगचे अवशेष आजही या वनात पाहावयास मिळतात. पाइनच्या सावलीतून चालत जाऊन त्या दगडी उंबऱ्यापाशी उभे राहिले म्हणजे येथे पूर्वीही वस्ती होती, प्रार्थना होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता झाडाविषयी. बाबांनी पहिल्यांदा पाइन पाहिला तेव्हा ते उद्गारले होते, “अरे, हा तर आपला सुरू!” कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तसे वाटणे साहजिकच होते. परंतु दोहोंत नाते नाही. सुरूची जी हिरवी सुई दिसते, ती वस्तुतः सांधे असलेली बारीक डहाळी असते; तिची पाने सांध्यांवर खवल्यांसारखी, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात. पाइनची सुई हे मात्र खरे पान होय. शिवाय ज्याला बाबा ‘आपला’ म्हणत, तो सुरूही मूळचा आपला नव्हेच. तोही दूर देशांतून आणून, वारा आणि वाळू अडवण्यासाठी माणसांनीच आपल्या किनाऱ्यांवर लावला.

यातीरला मुख्यत्वे जो पाइन आहे, त्याला हिब्रूत ‘ओरेन येरूशलायिम’ म्हणतात. जगात तो हलब शहराच्या नावाने ओळखला जातो. कार्मेलवर आणि शाआर हगाय येथे तो निसर्गतः उगवतो. यातीरला मात्र तो हाताने लावावा लागला. त्याची जगण्याची रीत आपल्या कोकणातील झाडांहून निराळी आहे. हिवाळा आणि वसंताचा आरंभ हा त्याच्या कामाचा हंगाम. उन्हाळ्यात तो पानांवरील सूक्ष्म छिद्रे बहुतांशी मिटून घेतो आणि जवळजवळ स्वस्थ बसतो. त्याचे काही शंकू वर्षानुवर्षे बंद राहतात व आगीच्या धगीने उघडून बी सांडतात. २०१० च्या डिसेंबरात कार्मेलवर लागलेल्या आगीत ४४ माणसे दगावली. त्या दुःखाची आठवण आपणा सर्वांस आहे. त्याच जळलेल्या उतारांवर पुढे पाइनची असंख्य रोपे आपोआप उगवली.

आता माझ्या नातीच्या प्रश्नाकडे वळू. वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २००० सालापासून यातीरमध्ये एक मनोरा उभारून हे वन हवेतून काय घेते व हवेला काय देते, याची अखंड मोजणी केली आहे. इतक्या कोरड्या जागी असूनही हे वन कार्बन वायू अपेक्षेहून पुष्कळ अधिक शोषून घेते, असे त्यांना आढळले. परंतु त्यांनीच दुसरी बाजूही दाखवली. उघडी, फिकट जमीन सूर्याचा पुष्कळ प्रकाश परत फेकते; पाइनचा गडद माथा तो शोषून घेतो. त्यामुळे कार्बन शोषल्याचा लाभ या तापण्याची भरपाई करील, त्याला कित्येक दशके लागतात. पाण्याचेही तसेच. पडलेला जवळजवळ सगळा पाऊस झाडे व ऊन मिळून हवेत परत धाडतात. भूगर्भात फारच थोडा उतरतो.

उत्तर नेगेवच्या मोकळ्या मातीत बेर-शेवाच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा सरडा राहतो. तेथे झाडे लावली की शिकारी पक्ष्यांना बसण्यास फांदी मिळते आणि त्या सरड्याचा संहार होतो. आपण ज्याला ओसाड म्हणत होतो, ते कोणाचे तरी घर होते.

आणि हे केवळ सरड्यापुरते खरे नाही. या टेकड्यांवर बेदुईन आपले कळप चारीत आले आहेत. वनाजवळच्या अतीर व उम्म अल्-हिरान या वस्त्यांतील कुटुंबांना १९५६ साली लष्करी प्रशासनानेच तेथे आणले होते. पुढे एका जागी नवे गाव वसवण्याची व दुसऱ्या जागी वन वाढवण्याची योजना झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बहुमताचा निकाल रहिवाशांच्या विरुद्ध गेला आणि २०२४ मध्ये उम्म अल्-हिरान पाडले गेले. या विषयावर आपल्यातही मतभेद आहेत, हे मी जाणतो. तथापि झाडाचे नाव पुढे करून माणसाच्या घराची गोष्ट झाकू नये, एवढे तरी आपण मान्य करावे. घर सोडून नव्या जागी मूळ धरणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

मग बाबांचे श्रम व्यर्थ गेले काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या पिढीला रोजगार हवा होता, सावली हवी होती, आणि या देशात आपला हात लागला आहे असे काहीतरी हवे होते. वनाने ते दिले. चूक झाली असेल तर ती लावल्यानंतर आपले काम संपले, असे मानण्यात झाली. २०१० च्या सुमारास, काही कोरड्या हिवाळ्यांनंतर, यातीरमध्ये ठिकठिकाणी पाइन वाळून गेले. संशोधकांना त्यात एक विशेष गोष्ट आढळली: जेथे खडक व दगडगोटे अधिक, तेथील झाडे अधिक प्रमाणात तगली. खडकावर पडलेले पाणी शेजारच्या थोडक्या मातीत साठते आणि मुळांना पुरते. जेथे माती अधिक, तेथे तेच पाणी विखुरते.

आज वनाची विरळणी केली जाते, म्हणजे उरलेल्या झाडांना पाणी पुरावे म्हणून काही झाडे तोडली जातात. केवळ पाइन न लावता इतर जातींची झाडेही लावतात, कारण एकाच जातीचे वन कीड व आग यांपुढे लवकर हरते. बेदुईनांच्या मेंढ्यांना परवान्याने चरू देतात; त्या वाळके गवत खातात आणि आगीचा धोका कमी होतो. ज्या कळपांना एके काळी वनाचे शत्रू मानले, तेच आज त्याचे राखणदार झाले आहेत.

नातीला मी आता एवढेच सांगेन: पणजोबांनी लावले, ते त्यांच्या काळाच्या समजुतीने लावले. कोठे लावू नये आणि लावलेले कसे राखावे, हे ठरवण्याचे काम तुझ्या पिढीकडे आले आहे. आणि मंडळी, आपल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी रोपांसाठी वर्गणी देतो. ती अवश्य द्यावी. परंतु यंदा मुलांना घेऊन एकदा यातीरला जावे, आनीमच्या उंबऱ्यापाशी बसावे आणि त्या झाडांची आज काय अवस्था आहे, ते डोळ्यांनी पाहून यावे. बाबांनी लावलेले नेमके झाड कोणते, हे मला ओळखता येत नाही. म्हणून मी तेथे गेलो की सगळ्यांचीच चौकशी करून येतो.

शालोम.